कुन काकांचं लाल कुलूप

"त्यांचं कुलूप घरात ठेवू नकोस गं पोरी."

कुन काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या नवऱ्याच्या अंत्यविधीच्या मंडपात उभी होते. कडेवर माझी लेक, तौतौ. उदबत्त्यांच्या धुरानं पोरीला खोकला लागेल म्हणून मी तिच्या नाकासमोर रुमाल धरला होता.

"काकू, कापलेलं कुलूप आहे ते. आ-शुननं आठवण म्हणून ठेवलंय."

"कापलेलं असू दे नाहीतर अख्खं असू दे. ह्यांनी स्वतःच्या हातानं काढलेलं नाही ना? मग ते अजून लावलेलंच आहे. जिथं होतं तिथं न्या, ह्यांना हाक मारा, बाहेर बोलवा. तुझ्या नवऱ्याला सांग. मला तर कारखान्याचे ते साहेब गेटच्या आत घेत नाहीत."

"हो काकू. सांगते काकू."

बाईचा नवरा गेलाय, तिच्याशी काय वाद घालायचा… असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

मी या पेजवरच्या गोष्टी बरीच वर्षं वाचते. काही वाचून घाबरते, काही वाचून हसते. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे, झोपलेल्या पोरीचा श्वास चालू आहे ना हे उठून बघण्यापलीकडे माझ्यात काही वेडेपणा नाही. पण ही गोष्ट घडलेली आहे. ती बघणारी माणसं अजून त्याच कारखान्यात कामाला जातात. विचारलं तर विषय बदलतात.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. आमच्या लुकांग गावातली. मागच्या वर्षीच्या सातव्या महिन्यातली.

आमच्या चांद्र पंचांगातला सातवा महिना म्हणजे गेलेल्यांचा महिना. त्यांचं दार उघडं असतं. या महिन्यात कोणी घर बदलत नाही, लग्न करत नाही, पोरांना समुद्रावर सोडत नाही. आणि मोठ्यानं कोणाचं पूर्ण नाव घेऊन हाक मारत नाही.

कोण ऐकत असेल, सांगता येत नाही.

आ-शुन, माझा नवरा, नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की सगळे त्याच्या नावानं ओरडतात. मशीन चालू असलं की त्याचं नाव कोणाच्या लक्षातही नसतं.

त्यांच्यात एक पद्धत आहे. मशीनमध्ये हात घालण्याआधी त्याचा मेन स्विच पाडायचा आणि त्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचं. कुलपावर आपला फोटो. किल्ली आपल्याच खिशात. जितकी माणसं आत, तितकी कुलपं. एकही कुलूप लटकत असलं की तो स्विच वर जाऊच शकत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावत नाही. साहेबसुद्धा नाही.

कुलूप दिसलं, म्हणजे कोणीतरी आत आहे.

एवढाच त्याचा अर्थ.

आणि काम संपून कुलपं निघाली, की वीज सोडण्याआधी हजेरी. ती कुन काका घ्यायचे. आ-शुनला हे काम त्यांनीच शिकवलं. काका नाव घेणार, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं ओरडायचं, "बाहेर!" पण नुसत्या ओरडण्यावर काका समाधानी नसायचे. प्रत्येकाच्या जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचे.

"काका, एवढा ढोल्या मी समोर उभा आहे, दिसत नाही का?" फांग म्हणायचा. फांग म्हणजे त्यांच्यातला नकलाकार. साहेबांचा खोकला, काकांचं पुटपुटणं, आ-शुनचं नाकातलं बोलणं, सगळं हुबेहूब काढायचा.

"दिसतोयस रे. पण आहेस का, ते बघतोय."

सातव्या महिन्यात तर काका नावं घ्यायचेच नाहीत. गुपचूप एकेक खांदा चाचपायचे आणि मगच स्विचपाशी जायचे.

हजेरीचा हा प्रकार आ-शुननं घरीही आणला होता. संध्याकाळी दारात उभा राहून ओरडायचा, "तौतौ?" पलंगाखालून, पडद्यामागून, कुठूनतरी आवाज यायचा, "बाहेर!" मग "आई?" मी स्वयंपाकघरातून, "बाहेर!" मग तौतौ विचारायची, "बाबा?" आणि हा हेल्मेट काढत म्हणायचा, "बाहेर!"

आमच्या घरातला सगळ्यात आवडता खेळ.

काका गेले ते उन्हाळ्यातल्या शटडाऊनमध्ये, दुरुस्तीसाठी मशीनं बंद ठेवतात तेव्हा. प्लेटिंग लाइनचं काम चालू होतं. तिथं तोट्यांवर चमक चढवतात, आणि त्या लाइनच्या खालून लांबलचक चर जाते, केबलची. काका सकाळपासून चरीत होते. दुपारी बाहेर आले, डबा उघडला… आणि बसल्या जागी कलंडले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, म्हणाले डॉक्टर.

पॅनलवर त्यांचं कुलूप तसंच लटकत राहिलं. किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात, आणि पँट दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी ल्याओ साहेबांनी आ-शुनला ग्राइंडर दिला. "काप ते. माल जायचाय."

"साहेब, काकांचं आहे."

"माहीत आहे मला. नियम काय सांगतो? माणूस बाहेर असल्याची खात्री झाली की कापता येतं. आता याहून बाहेर कुठं जाणार तो?"

कोणी हसलं नाही म्हणे. आ-शुननं कुलूप कापलं. कचऱ्यात टाकवेना, म्हणून घरी आणलं आणि टीव्हीखालच्या खणात ठेवलं. कडीचे दोन तुकडे झालेले. फोटोत काका किंचित वैतागलेले, फोटो काढणाऱ्याला घाई करत असल्यासारखे.

आठवड्याभरात तौतौच्या खोलीतला पंखा बंद पडला.

दिवाही लागेना. मी दाराजवळचा एमसीबीचा डबा उघडला. तौतौच्या खोलीचा खटका खाली होता. वर केला. पंखा सुरू.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

मग पुन्हा…

मी आ-शुनला म्हटलं, "वायरिंग तपास. पोरीच्या खोलीतलं ट्रिप होतंय सारखं. शॉक बिक बसला तर?"

त्यानं पूर्ण खोली तपासली. सॉकेट उघडले, मीटर लावला. काही नाही. मग डब्यासमोर येऊन उभा राहिला. खटका तेव्हाही खालीच होता. त्यानं बोटानं खटका चाचपला.

"तू पाडलास का हा?"

"मी कशाला पाडू?"

"तौतौ?"

"तिचा हात तरी पोचतो का तिथं? काय झालं पण?"

"ट्रिप झालेला खटका मधे अडकतो," तो म्हणाला. "हा पार खाली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ट्रिप नाही झालेला. कोणीतरी हातानं बंद केलाय."

मी हसायचा प्रयत्न केला. तो नाही हसला. डब्याच्या पत्र्याजवळ नाक नेऊन त्यानं वास घेतला. मीही घेतला.

पुदिना आणि कापूर.

कुन काकांच्या खिशात कायम एक हिरव्या तेलाची छोटी बाटली असायची. दर थोड्या वेळानं हुंगायचे. काकू चिडवायच्या, "बायकोपेक्षा त्या बाटलीला जास्त जपतात."

"तुझ्या कपड्यांना लागलं असेल ते तेल," मी म्हटलं.

"मी ते कधीच वापरत नाही," आ-शुन म्हणाला.

त्या दिवशी मला काकूंचं बोलणं आठवलं. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या शटडाऊनच्या वेळी घेऊन जातो कुलूप. काकूंनाही नेऊ. ल्याओ साहेबांना पटवतो कसंतरी."

पटवणं काही जमलं नाही. साहेब म्हणाले, "सातव्या महिन्यात आत्म्याला हाका मारत बायका आणू कारखान्यात? परदेशी पाहुणे येणार आहेत, त्यांना काय सांगू?"

मग तो दिवस आला.

कारखान्याच्या गेटपाशी दरवर्षीसारखी पूजा होती. लांब टेबलं, त्यावर बिस्किटं, फळं, पेयांची खोकी, प्रत्येक पुड्यात खोचलेली एकेक उदबत्ती. येणाऱ्या अदृश्य अतिथींना तोंड धुवायला पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि कोरा टॉवेल. त्याच दिवशी प्लेटिंग लाइनचं कामही काढलं होतं, कारण लाइन तशीही बंदच राहणार होती.

सकाळी निघताना आ-शुन म्हणाला, "दुपारपर्यंत होईल. पूजेला या दोघी. तौतौला जेली मिळेल."

दुपारी मी तौतौला तयार करत होते. तिच्या एका पायात मोजा, दुसरा माझ्या हातात.

आणि घर गप्प झालं.

आधी कळेना काय झालं ते. मग लक्षात आलं. पंखा नाही. फ्रिजची घरघर नाही. शेजाऱ्यांचा टीव्ही मात्र भिंतीपलीकडे चालू होता.

म्हणजे वीज गेली नव्हती. फक्त आमच्याकडची…

मी दाराकडे गेले.

एमसीबीच्या डब्याचं झाकण बंद होतं. झाकणाच्या कडीत कुन काकांचं लाल कुलूप लटकत होतं.

टीव्हीखालचा खण बंद होता. मी तो उघडून पाहिलासुद्धा, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खण रिकामा. परत येऊन मी कुलपाला हात लावला. कडी कापलेलीच होती, दोन तुकड्यांमधली फट दिसत होती. नुसतं अडकवलेलं कुलूप, ओढलं की निघायला हवं.

मी ओढलं.

निघेना.

दोन्ही हातांनी ओढलं. भिंतीत रुजल्यासारखं घट्ट. आणि गरम… कोणाच्या तरी मुठीतून नुकतंच सुटल्यासारखं.

मागे तौतौ एका मोज्यावर उभी होती. तिला वाटलं, मी खेळतेय.

"आई?" तिनं हजेरी सुरू केली.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बाहेर."

"तौतौ? बाहेर!" तिनं स्वतःलाच उत्तर दिलं. मग डब्याकडे तोंड करून विचारलं, "बाबा?"

ती थांबली.

मीही थांबले. घरात कसलाही आवाज नाही.

"आई," तौतौ म्हणाली, "बाबा बोलतच नाहीत."

कुलूप दिसलं, म्हणजे कोणीतरी आत आहे.

मी आ-शुनला फोन लावला. वाजत राहिला. काम करताना ते फोन कपाटात ठेवतात, हे मला माहीत आहे. तरी पुन्हा लावला. पुन्हा. मग पोरीला उचललं, एक पाय अनवाणी तशीच, स्कूटरवर पुढे उभी केली आणि निघाले. सिग्नल तोडला. तौतौ आनंदानं ओरडत होती.

गेटपाशी सगळे जमलेले. उदबत्त्यांचा धूर. काम संपलं होतं, माणसं हात धुऊन पूजेला आली होती. फांगच्या तोंडात अर्धा पाव, अर्धा हातात. मी सगळ्यात आधी लाइनच्या पॅनलकडे पाहिलं, शेडच्या दारातून तो दिसतो.

स्विचवर एकही कुलूप नव्हतं.

पॅनलपाशी ल्याओ साहेब उभे होते. एक हात स्विचवर. दुसऱ्या हातात भोंगा, पूजेच्या भाषणासाठी आणलेला. त्यांना कुठला वेळ खांदे चाचपायला. तिथूनच, टेबलांवरून, उदबत्त्यांच्या धुरातून, ते एकेकाचं नाव घेत होते.

पूर्ण नाव. आडनावासकट. सातव्या महिन्यात, जेवायला बसवलेल्या त्या सगळ्यांच्या डोक्यावरून…

एका म्हाताऱ्या कामगारानं कानांवर हात ठेवलेले मला आठवतात.

"फांग मिंग-ते!"

"बाहेर!" फांग पावाच्या आडून.

"ग्वो युंग-शुन!"

"बाहेर!"

आ-शुनचा आवाज. तोच, किंचित नाकातला. केवढं बरं वाटलं. मी स्कूटरला टेकले. वेडी आहेस तू, मी स्वतःला म्हटलं, पोरीला अनवाणी घेऊन धावत आलीस.

तौतौ मान वळवून बघत होती. या माणसाकडे, त्या माणसाकडे.

"बाबा कुठायत?"

मी पाहिलं.

आवाज शेडच्या आतून आला होता. लाइनच्या बाजूनं. तिथं कोणीच उभं नव्हतं.

साहेबांनी भोंगा खाली ठेवला. स्विचवरचा हात घट्ट केला.

"थांबा!" मी ओरडले. पूजेच्या टेबलाला धक्का मारून आत शिरले, खोकी घरंगळली. "साहेब, थांबा! हात काढा!"

"अहो वहिनी! हे काय? बायकांनी आत यायचं नाही, आणि पूजेचं सामान…"

"आ-शुन कुठे आहे?"

"बाहेर. ऐकलं नाही का आत्ता?"

"ऐकलं. दिसला कुठे?"

साहेबांनी स्विचवरचा हात काढला. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळे फांगकडे.

"आईशपथ मी नाही," फांग म्हणाला. "माझ्या तोंडात पाव आहे राव! नकला करायच्या असल्या तरी हजेरीत करेन का मी?"

त्याच वेळी लाइनच्या पार टोकाला, चरीवरचं लोखंडी झाकण सरकलं.

आ-शुनचं डोकं वर आलं. कपाळावर बॅटरी, गालावर काळं ग्रीस. हातात टेस्टर, पुढे धरलेला.

"कुठे गेलास रे फांग्या? घे की टेस्टर. मागून मागून डोकं खाल्लंस."

फांगच्या हातातला उरलेला पाव खाली पडला.

मी धावत गेले आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. दाबून दाबून पाहिले. शर्ट घामानं चिंब. तो विचारत होता, काय झालं, तौतौ ठीक आहे ना, अशी काय करतेस. त्याच्या पाठीमागे, चरीत, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या उघड्या पट्ट्या चमकत होत्या. त्यांच्यावरचं झाकण अजून बसवायचं होतं.

नंतर त्यानं सगळं सांगितलं. काम झालं, सगळ्यांनी कुलपं काढली, त्यानंही काढलं. हात धुवायला निघाला तर चरीतून कोणीतरी म्हणालं, "टेस्टर दे रे इकडे." त्याला वाटलं, फांग आत राहिलाय. स्विच पडलेलाच होता, हजेरी व्हायची होती. म्हणून देऊन येऊ म्हणून उतरला. आवाज पुढे पुढे जात राहिला. "अजून इकडे… अजून…"

"फांगचा आवाज होता?" मी विचारलं.

आ-शुननं नकारार्थी मान हलवली.

"मग काकांचा?"

"नाही गं." त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझाच होता. म्हणून तर वाटलं फांग आहे. माझी नक्कल करतोय."

हजेरीचा भोंगा त्यानं ऐकलाच नव्हता. खाली काही ऐकूच येत नव्हतं म्हणे. इतकी शांतता त्यानं त्या कारखान्यात कधी पाहिली नव्हती.

घरी आलो तेव्हा पंखा फिरत होता. कुलूप डब्याखाली जमिनीवर पडलं होतं. थंड.

दुसऱ्याच दिवशी ल्याओ साहेबांनी स्वतः गाडी पाठवून कुन काकूंना आणवलं. काकू काळ्या कपड्यांत पॅनलसमोर उभ्या राहिल्या. आ-शुननं ते कापलेलं कुलूप स्विचला अडकवलं. काकूंनी हाक मारली. मंत्र नाहीत, काही नाहीत, घरातल्या माणसाला मारतात तशी.

"अहो! काम झालं. चला घरी. जेवण गार होतंय."

कौल लावायच्या दोन लाल लाकडी चंद्रकोरी त्यांनी जमिनीवर टाकल्या. एक पालथी आणि एक उताणी पडली तर हो.

दोन्ही उताण्या पडल्या. नाही.

पुन्हा टाकल्या. नाही.

"हट्टी माणूस," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जिवंतपणी तरी कधी वेळेवर घरी आला का? आ-शुन, अरे तो असा नाही यायचा. तो सगळे निघाल्याशिवाय कधी निघालाय का?"

मग आ-शुननं एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला. नावं न घेता. जो तो हळूच म्हणाला, "बाहेर." शेवटी त्यानं स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. "मी पण बाहेर आहे काका."

चंद्रकोरी पडल्या.

हो.

आ-शुननं कुलूप काढलं. हलक्या हातानं निघालं. गाडीत काकूंच्या मांडीवर ते ठेवलं. परतताना प्रत्येक वळणावर आम्ही सांगत गेलो, "काका, डावीकडे वळतोय. काका, पूल आला, पूल ओलांडतोय आपण." गेलेल्या माणसाला पूल सांगावा लागतो, नाहीतर तो अलीकडेच राहतो.

पुलापलीकडे काकूंनी गाडी थांबवली. पुन्हा कौल लावून विचारलं, आलात ना?

नाही.

पुन्हा.

हो.

"येतोय," काकू म्हणाल्या. "पण चालतो आणि थांबतो. मागे वळून बघतोय सारखा."

"का?" मी विचारलं.

काकूंनी कुलपावरच्या फोटोवरून अंगठा फिरवला.

"माझा माणूस बाहेर आला गं. पण त्यानं कुलूप स्वतःसाठी लावलेलं नसावं. आत कोणीतरी आहे, हे तो सगळ्यांना सांगत होता." मग त्या हळूच म्हणाल्या, "तेच आपण कापलं."

कुलूप आता काकूंच्या घरी देव्हाऱ्यात, काकांच्या नावाच्या पाटीसमोर आहे. ते तिथेच असायला हवं. काकूंचा हक्क आहे त्यावर. तौतौच्या खोलीतला खटका त्यानंतर कधी पडला नाही. डब्याला वास येत नाही.

फांग नकला करत नाही. ल्याओ साहेब हजेरीला एकेकाच्या खांद्यावर हात ठेवतात. त्या चरीत एकट्यानं कोणी उतरत नाही.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती.

मागच्या आठवड्यात दुपारी मी स्वयंपाकघरात होते. समुद्राकडचा वारा सुटला होता, खिडक्या धडधडत होत्या. तौतौ माझ्याजवळच टेबलावर चित्र काढत होती. आत काहीतरी वाजल्यासारखं वाटलं. आ-शुन लवकर आला असेल म्हणून मी सवयीनं हाक मारली.

"आ-शुन?"

"बाहेर!"

तोच आवाज. नाकातला. तौतौच्या खोलीतून.

"आज इतक्या लवकर?" मी नूडल्स ढवळत विचारलं.

उत्तर नाही.

तौतौचा खडू थांबला होता. ती आपल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मग माझ्याकडे.

आणि तेव्हा… गल्लीत आ-शुनची स्कूटर वळल्याचा आवाज आला.

तो दारातून आत आला. हेल्मेट डोक्यावर. "काय झालं? अशा काय बघताय दोघी?"

मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग दुसऱ्या खांद्यावर. मग आम्ही तिघं तौतौच्या खोलीत गेलो. कोणीच नव्हतं. मी एमसीबीचा डबा उघडून पाहिला.

तिच्या खोलीचा खटका वर होता.

आता तो पाडून आम्हाला सावध करणारं कोणी नाही.

तौतौ आमच्याजवळ झोपते. हजेरीचा खेळ आम्ही बंद केलाय. ती अजून विचारते, का? मी म्हणते, मोठी झालीस आता. ते कुलूप काकूंकडून परत मागावं का, याचा मी रोज विचार करते. मागायला तोंड होत नाही. आणि ते इथं आणलं तर काकाही त्याच्यामागे पुन्हा आत अडकतील, हेही कळतं.

तुमच्या घरचं कोणी मशीनवर, विजेवर काम करत असेल… नवरा, भाऊ, बाप… तर एवढं एक करा. फोन करून विचारू नका. "मी बाहेर आहे" असं पलीकडून ऐकू येईल, आवाजही त्याचाच असेल, आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. मीही झाले होते.

उठा. जाऊन बघा. त्याच्या खांद्यावर हात ठेवा.